निळा कोपरा

मॉरिस ब्लँचर्डच्या नाकाचं हाड
तीन वेळा तीन दिशांना वळलंय,
तरी ग्रिम्सबीच्या गोदीवर आज कुठल्या धुरीघरात
हॅडॉक टांगलाय, हे तो वासावरून सांगतो.

सोळाव्या वर्षी पहाटे बर्फाच्या कारखान्यात,
संध्याकाळी चर्चच्या तळघरात दोरीवर उड्या,
मुठींना आईनं फाडून दिलेल्या चादरीच्या पट्ट्या.
हौशी होता तेव्हा तो जिंकायचा.
हे कुणाला खरं वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं.
चौपन्न लढती, एक्केचाळीस जिंकलेल्या.
लंडनच्या फायनलला एका पंचाच्या मतानं गेला
आणि उपविजेता म्हणून मिळाली इस्त्री.
ती अजून आहे. तापत नाही.

मग लग्न, मग मुलगी,
मग गोदीतल्या बोटी एकेक करून भंगारात,
आणि एका गुरुवारी फोन:
शनिवारी वुल्व्हरहॅम्प्टन, चार राउंड,
समोरचा पोरगा नवा आहे,
दोनशे तिकिटं खपवलीयत त्यानं, तू फक्त ये.
हर, असं कुणी म्हणालं नाही.
तसं कधीच कुणी म्हणत नाही.

तेव्हापासून त्याचा कोपरा निळा, पाहुण्याचा.
आपलं आडनाव चुकीचं पुकारलेलं ऐकत दोरांखालून शिरायचं,
कुणाच्या तरी मामांच्या, मित्रांच्या, गल्लीतल्या खाटकाच्या
शिव्या अंगावर घ्यायच्या.
चाळीस-छत्तीस. पोराचा हात वर.
मॉरिसच्या हातात पाकीट;
तिथं मोजायचं नाही, गाडीत मोजायचं.

लोक पोटासाठी काय काय खातात,
त्यानं मार खाल्ला.
पण मापात, पथ्यावरच्या माणसासारखा,
कारण आडवा झालास तर अठ्ठावीस दिवस सक्तीची सुट्टी,
आणि तेवढ्यात घरमालक चारदा दार वाजवतो.
म्हणून खांदा इंचभर फिरवायचा,
हनुवटीसाठी निघालेला ठोसा कानामागून जाऊ द्यायचा,
दम लागला की मिठी मारायची
आणि मिठीत पोराला हळूच सांगायचं,
डावा हात वर ठेव, लेका, पुढचा माझ्यासारखा नसेल.

एकदाच, बार्न्सलीत, एक पोरगा त्याच्या टकलावर हसला.
मॉरिसनं उजवा सोडला.
सभागृह इतकं गप्प झालं की
बारमध्ये ग्लास ठेवल्याचा आवाज आला.
त्यानंतर सात आठवडे फोन वाजला नाही.

मी त्याच्याकडे गेले तेव्हा चौदा वर्षांची होते.
त्याचा हिशेब कुठूनसा शोधून काढला:
आठ जिंकल्या, एकशे त्रेचाळीस हरल्या.
कपडे बदलायच्या खोलीत मोठ्यानं वाचून दाखवला,
सगळ्या पोरी खिदळल्या.
दाराबाहेर तो बादली धूत होता.

दुसऱ्या दिवशी स्वेटरच्या खिशात हात घालून रिंगमध्ये आला.
म्हणाला, मार.
तीन मिनिटं मी हवा बडवली.
घंटा झाली तेव्हा मी रडकुंडीला,
आणि तोही धापा टाकत होता, साठी उलटलेली,
पण चष्मा नाकावर जागच्या जागी.
एकही लागला नाही, मी म्हणाले.
तेवढंच येतं मला, तो म्हणाला. शिकायचं असेल तर ये.

आता चहा ओतताना कप वाजतो त्याच्या हातात.
साखर घातली की नाही, विसरतो,
कधी मला मुलीच्या नावानं हाक मारतो.
पण ते एकशे त्रेचाळीस पोरगे त्याला पाठ आहेत:
कोण डावखुरा, कोणाला बरगडीखाली मारलेलं सोसत नाही,
कोण आता टॅक्सी चालवतो.

काल माझी पैशांसाठीची पहिली लढत, आपल्याच गावात,
लाल कोपरा, तिकिटं मीच विकलेली.
समोर डर्बीची एक बाई, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी,
सोबत फक्त गाडी चालवायला आलेला नवरा.
मॉरिस माझ्या मुठी बांधता बांधता तिकडेच बघत राहिला.
मग म्हणाला, तिला तुझ्यापेक्षा जास्त येतं,
नीट बघ तिच्याकडे.
आणि आपली बर्फाची पिशवी फोडून
अर्धा बर्फ तिच्या बादलीत टाकून आला.