नॉर्मल लॉस

पहाटे साडेतीनला कॉम्प्रेसर दम खातो
तेव्हा मी कॉस्टिंगचं पुस्तक उघडते.
साखरीनाट्याच्या जेटीवर अजून कोणी नाही.
तराजूत एक मांजर बसलंय,
आपलं वजन कुणी नोंदवत नाही म्हणून निवांत.

ऑफिस म्हणजे पत्र्याची खोली,
बर्फाच्या टाकीला चिकटलेली.
भिंतीला टेकलं की पाठ ओली.
अमोनियाचा वास मला आता येत नाही,
घरच्यांना येतो.

रजिस्टरखाली पुस्तक, पुस्तकाखाली रजिस्टर,
दारात कोण आलं त्यावर ठरतं कोण वर.
वस्ताशेठना सगळं माहीत आहे.
आत यायच्या आधी ते दाराशी खोकतात,
पान मिटायला मला पुरेल इतकंच.

जूनमध्ये मासेमारी बंद,
टाक्या रिकाम्या, म्हणून मी जूनचाच फॉर्म भरते.
यंदा तिसरी खेप.
मागच्या खेपेला चारही पेपरांत चाळीसच्या वर
आणि बेरीज एकशे सत्त्याण्णव.
दोनशे लागतात.
दोन दिवस कुणाला सांगितलं नाही.
मग क्रशरवरच्या दिलमानला सांगितलं,
कारण तो पुढचं काही विचारणार नव्हता.
तो म्हणाला, "तीनच ना दीदी?"
आणि फावडं उचललं.

आजचं प्रकरण:
प्रक्रियेत जे जाणारच असतं ते नॉर्मल.
त्याचा भार उरलेल्या चांगल्या मालावर टाकायचा.
जे जायला नको होतं आणि गेलं,
त्याला स्वतःचं वेगळं खातं.
मी पेन्सिलीने रेघ मारते.
कागद इतका सादळलाय की रेघ उमटत नाही, रुतते.

तेवढ्यात हमजा तांडेल.
"चाळीस लाद्या लिवल्यास. होडीत सदतीस."
तीन वाटेत विरघळल्या, चाचा. मे महिना आहे.
"विरघळल्या त्या माज्या का तुज्या?"

असं सरळ पुस्तकही विचारत नाही.
पुस्तक म्हणतं, समजा पाच टक्के.
चाळिसाचे पाच टक्के दोन.
म्हणजे दोन तुमच्या, मी म्हणते, तिसरी आमची.
"ह्यां खंय लिवलांय?"
मी पुस्तक उलटं फिरवून त्याच्यापुढे धरते.
इंग्रजी आहे. तो माझ्या रेघेवर बोट ठेवतो,
नीट, जसं काही ती हलेल,
आणि बोट उचलतो तेव्हा पानावर एक खवला राहतो,
सुरमईचा असावा.
"बरां. पन शेटला पन वाचून दाव."

बाहेर खोकला. आज जरा लांबलेला.
शेठ रजिस्टर बघतात, मग पहिल्यांदाच पुस्तक.
"पाच टक्के? हे लिहिणारा
मे महिन्यात जेटीवर उभा राहिला होता का कधी?"
हमजाचाचा हसतो. मलाही हसू येतं,
पण मी खालच्या खणातून माझी पाठकोरी वही काढते:
दोन वर्षांचा मे, रोजच्या भरलेल्या लाद्या, रोजच्या पोचलेल्या.
सरासरी साडेसहा.
कुणी सांगितलं नव्हतं हे लिहायला.
झोप येऊ नये म्हणून लिहीत गेले.

साडेसहाने अडीचच्या वर जाते.
अर्ध्या लादीसाठी दोघं एकमेकांकडे बघतात,
मग माझ्याकडे.
"टाक आमच्याकडे," शेठ म्हणतात, "ती अख्खी तिसरी."
मी रजिस्टरात नवी ओळ आखते,
तिला नाव देते, पुढे लिहिते: एक लादी.
हात थोडा थरथरतो. थंडीने असेल.

अठरा दिवस राहिले.
राजापूरहून पहाटेची गाडी, अणुस्कुऱ्याचा घाट,
कोल्हापुरात कोरडं बाक, कोरडा कागद.
खवला मी काढलेला नाही,
त्या पानावर पुस्तक आपोआप उघडतं.

फक्त एक लक्षात ठेवायचं, पावसकर:
पेपरात साडेसहा लिहायचं नाही.
पेपरात पाच.