मु. पो. लष्कर

आमच्या शहराचं नावच लष्कर.
म्हणजे कुणी वसवलं नाही ते, नुसतं थांबलं.
खुंट्या ठोकल्या, दोर ताणले,
म्हणाले, चार महिने काढू आणि निघू.
मग कुणीतरी राहुटीच्या मागे कढीपत्ता लावला.
तो लागला,
आणि कूच राहिलं.

मी पागनीस. आडनावातली पागा केव्हाच मोडली.
खापरपणजोबा घोड्यांचा हिशेब लिहीत:
दाणा, वैरण, नाल, मेला तर कातड्याची नोंद.
मी नगर निगमात घरांचा लिहिते:
मजला, छज्जा, नळ, मेला तर वारसाचं नाव.
घोड्यांना सही करावी लागत नव्हती,
एवढाच काय तो फरक.

बाबा मोतीमहालात दफ्तरी होते.
तेव्हा राज्य हिवाळ्यात इथं, उन्हाळ्यात इंदुरात.
थंडी सरली की फायली लाल फडक्यात बांधायच्या,
तागाची सुतळी, आणि एक गाठ, अशी
की इंदुरात कुणालाही सुटावी
आणि वाटेत कुणालाच सुटू नये.
पुन्हा थंडीच्या तोंडाशी तेच गठ्ठे परत,
थोडे जाड होऊन, माळव्याची काळी माती अंगावर घेऊन.
छप्पन साली ते भोपाळसाठी बांधले.
पुढल्या ऑक्टोबरात बाबांनी कपाटं पुसून ठेवली.
त्याच्या पुढल्याही.

परवा रामसेवक कुशवाह आले, छत्री बाजारच्या मागचे.
वडील वारले, नाव चढवायचंय.
जागेचा कागद मागितला
तर पिशवीतून पितळेचं नळकांडं निघालं.
आत मोडी.
आमच्या शाखेत मोडी वाचणारी मी एकटी.
नवी पोरं वाकून बघतात, म्हणतात,
'मॅडम, ये तो किसी का ईसीजी है.'

वाचला. चतुःसीमा येणेप्रमाणे:
पूर्वेस तिसरे पागेची दावण,
पश्चिमेस हत्तीचा खुंट,
उत्तरेस ओढा,
दक्षिणेस आचाऱ्यांची चूल, धुरासुद्धां.
क्षेत्र दोन राहुट्या व दरम्यान दोरांची जागा.
मुदत: कूच होई तों.

दुपारी जाऊन बघून आले.
दावणीच्या जागी मोबाइलचं दुकान,
खुंटाच्या जागी ट्रान्सफॉर्मर,
ओढ्याला आम्हीच आता नाला म्हणतो,
दर वर्षी निविदा काढतो त्याच्या सफाईची.
चूल मात्र सापडली. बेडईवाला आहे.
धुरासुद्धां.

राहिली मुदत.
उपायुक्त साहेबांनी विचारलं, शर्त काय आहे?
म्हटलं, फौज निघाली की जागा सोडायची.
त्यांनी पेनाला टोपण लावलं, काढलं,
उठून खिडकीतून बाड्याकडे बघितलं,
नगारा बिगारा वाजतोय का, अशा तऱ्हेने.
खाली दोन टेम्पोवाले सवारीवरून भांडत होते.
खुंट्या कुणी उपटत नव्हतं.
'तो आप ही कुछ लिख दीजिए.'

लिहिलं. कागदावर हिंदीत,
आधी मनात मराठीत:
मूळ सनदेतील मुदतीची शर्त पाहिली.
कूच झाल्याचा हुकूम अभिलेखात आढळत नाही.
सबब मुक्काम चालू समजून
अर्जदाराचे नाव चढवण्यास हरकत नसावी.

साहेबांनी सही केली. शिक्का मी मारला.
कुशवाहांनी विचारलं, 'अब तो पक्का हो गया ना?'
म्हटलं, हो. कूच होईपर्यंत.
सरकारी भाषा असेल, असं वाटून ते हसले
आणि नळकांडं काखेत मारून
टेम्पोच्या भांडणातून वाट काढत गेले.

साडेपाचला फाईल बांधली, बाबांच्या गाठीनं.
सुटते का, ते एकदा बघून घेतलं.
मग पुन्हा बांधली.