मूळ प्रत

मस्किंगम काउंटीचं कोर्ट, दुसरा मजला. लिफ्ट बंद.
जिन्याच्या पायऱ्या मधोमध झिजलेल्या.
इथे येणारे कठडा धरत नसावेत,
हातात कागद असतात म्हणून.

काचेमागे अर्लीन स्टोल्ट्झ, चष्म्याला मण्यांची दोरी.
तिने मृत्युपत्र घेतलं, वाचलं नाही,
नुसता डावा कोपरा अंगठ्याने चाचपला.
"पिन काढली होती?"

काढली होती. लायब्ररीत, झेरॉक्ससाठी.
पुन्हा मारली, जवळजवळ त्याच भोकांतून.
"जवळजवळ," ती म्हणाली
आणि प्रतिज्ञापत्राचा कागद फटीतून सरकवला:
मी, खाली सही करणारी, शपथेवर लिहून देते
की एकही पान बदललेलं नाही, घातलेलं नाही, काढलेलं नाही.
चार भोकं. दोन त्याची, दोन माझी.

मृताचं नाव?
त्र्यंबक खासनीस.
लायसनवर ट्रिंबक. घराच्या खरेदीखतात आडनावाला एक जास्तीचा ई.
टाइल्सच्या कारखान्याच्या पेन्शनवर चक्क टिम.
अर्लीनने सगळी उतरवून घेतली, मधे उर्फ, उर्फ,
जशी दरोडेखोराची लिहितात.
रात्री दोन वाजता, रिकाम्या चौकात,
लाल दिव्याला थांबून राहायचा हा माणूस.

नातं?
मावसबहीण.
त्याला फॉर्मवर चौकोन नव्हता.
"इतर"पुढे खूण केली. शेजारी दीड इंचाची रेघ;
तिच्यावर आमच्या आयांची आई काही बसेना.

"खासनीस," अर्लीन थबकली. "हे नाव मी आधी टाइप केलंय."
ती आत गेली. कपाटांचे खण उघडल्याचे, लोटल्याचे आवाज.
बराच वेळ.
भिंतीवर दरपत्रक: साधी प्रत पानाला इतके,
उठावदार शिक्क्याची त्याच्या कितीतरी पट.
बँकेला शिक्का बोटाला लागावा लागतो.

आली ती तपकिरी फाइल घेऊन.
लोरेटा हमेल, विधवा, मृत्यू मार्च १९९४.
व्यवस्थापक: टी. खासनीस, शेजारी.
मला कधी बोलला नव्हता.

मालमत्तेची यादी त्याच्या अक्षरात,
आकडे एकाखाली एक, भट्टीच्या तापमानाची नोंद करावी तसे.
खाट एक. शिलाई मशीन, चालू.
लोणच्याच्या बरण्या एकोणीस, पैकी भरलेल्या अकरा.
कप सहा.
तळाशी: वरील यादी खरी व संपूर्ण आहे. शपथ. सही.

"आणि हे," अर्लीनने समासावर नख टेकवलं,
"आम्हाला वाटायचं, पेन्सिल चालते का पाहिलं असेल."

पेन्सिलच होती, मुंगीएवढी.
मी चष्मा कपाळावर सारला, कागद नाकाशी नेला.

सातव्याला कान नाही.
त्यातून मला चहा द्यायची.
लिहिला नाही. घेतला.

तीस वर्षं ही कबुली कोर्टातच पडून होती,
शिक्क्यासकट, ज्याला हवी त्याने बघावी अशी,
फक्त ओहायोच्या या कोपऱ्यात तिला वाचणारं
कुणी जिना चढून आलं नव्हतं.

"काय लिहिलंय?"

माझ्या शपथेची शाई अजून ओली होती.
"बेरीज आहे," मी म्हटलं. "हातचा एक."

तिने मान हलवली, फाइल मिटली,
मला तीन शिक्केवाल्या प्रती दिल्या, पावती दिली,
आणि त्याच्या घरातल्या वस्तूंच्या यादीचा कोरा फॉर्म.
मुदत तीन महिने.
"सगळं लिहायचं हं. चमचेसुद्धा."

काल रात्री त्याचं सिंक घासताना
भांड्यांचा काथ्या ज्यात ठेवलेला होता
तो कप मी कचऱ्याच्या पिशवीत टाकलाय.
पिशवी अजून मागच्या दारातच असावी.
गाडी इथे मंगळवारी येते की बुधवारी,
हे अर्लीनला विचारायला मी परत वर चढले.