छाट

विडीचं माप पत्र्याचं असतं.
पान त्यावर ठेवायचं, कात्रीनं कापायचं.
त्याच पत्र्यानं त्याच बोटाला चीर पडते.
कधी घरी गेल्यावर, भांडी घासताना कळतं,
आणि कधी तिथंच डोळ्यांत पाणी.
मग डोकं उजवीकडून असं उठतं
की आत कुणी खुंटी ठोकायलंय.

पत्रा एकच, बोट एकच,
मग हे काय गं, गौरव्वा?
मेस्त्री म्हणाला, सोंग.
सासू म्हणाली, तंबाखूचा वास.
मी हिशेबाच्या पुस्तकात मागल्या पानावर
तारखा लिहीत गेले. सहा महिने.

चिकोडीहून गुरुवारी निपाणीला येणाऱ्या
हिरेमठ डॉक्टरीणबाईंनी ते पान दोनदा वाचलं.
कन्नड-मराठी एका घासात कालवून म्हणाल्या,
"नोवु खरं आहे बाई, दुखणं खरं आहे.
इस्ट्रोजेन चढलेलं असतं तेव्हा
मेंदू स्वतःची अफू सढळ हातानं वाटतो.
पाळीच्या तोंडावर ते झपकन उतरतं,
दुकान अर्धं बंद,
आणि कालपर्यंत कुजबुजणाऱ्या शिरा
ओरडायला लागतात."
मग जरा थांबून,
"सगळ्यांचं असंच, असंही नाही.
कुणाचं दुखणं त्यानंच वाढतं.
आम्हालाही अजून पुरतं कळलेलं नाही."

मला ते शेवटचं वाक्य सगळ्यात आवडलं.

रोज संध्याकाळी कारखान्यात
माझ्या विड्या बोटांनी दाबून बघतात.
सैल, वाकडी, तोंड नीट न मिटलेली
छाट. बाजूला. तिचे पैसे नाहीत.
तीस वर्षं दुखणंही त्याच टोपलीत.

आता एकोणपन्नास. पाळी चार महिने आली नाही,
मग एकदा आली, थकबाकी मागायला आल्यासारखी.
चढ कुठला, उतार कुठला, अंदाज लागत नाही.
पान मात्र चालू ठेवलंय.

काल धाकटी शाळेतून आली ती दारातच बसली,
पोट धरून, चेहरा पांढराफटक.
सोस, असं तोंडावर आलं होतं.
गिळलं.
पेन दिलं. म्हटलं, आजची तारीख लिही.
तिनं लिहिली, कन्नड आकड्यांत.
माझं माहेर कागलचं, ते आकडे मला अजून
एसटीच्या पाटीवरसुद्धा चकवतात.

विचारलं, किती गं हे?
म्हणाली, सतरा.
मग स्वतःच पुढं लिहिलं, मी न सांगता,
"खूप."