नऊ मिलिमीटर

कणकुंबीकडे त्याला बाशिंग म्हणतात.
जांभळीच्या खोडावर, हाताला लागणार नाही इतकं वर,
नवऱ्यामुलाच्या कपाळी असावं तसं बांधलेलं.
फूल नाही, बी नाही.
पानामागे तपकिरी ठिपके,
आणि खाली सालीला धरून बसलेला केसाळ गड्डा,
झोपलेल्या जनावराच्या पंजासारखा.
मष्णू गावड्यानं कोयत्यानं अर्धाच काढून दिला.
"अर्धा राहू दे. त्यालाबी जगायचंय."

बेळगावात, तिसऱ्या मजल्यावर,
इराण्णानं बरणीवर कानडीत नाव घातलं, मी मराठीत,
मॅडमनी दोन्हींवर पट्टी चिकटवून लॅटिनमध्ये.
अकरा दिवस सावलीत वाळवला, दळला,
पाण्यात भिजवून गाळला,
कागदाच्या चकत्या त्यात बुडवून
जंतूंच्या पिवळट शेतावर मांडल्या.

सकाळी काहीच नाही.
बांधाला लागून तण यावं तसे
चकतीला खेटून जंतू.
शेजारी दुकानातल्या औषधाभोवती मात्र
सारवल्यासारखं गोल, मोकळं अंगण.
पुन्हा केलं. पुन्हा तेच.
मॅडम म्हणाल्या, लिही: निष्क्रिय.

शनिवारी जांबोटीवरून बस धरली.
मष्णू काजूबिया वाळत घालत होता,
नडगीवर कोयत्याचा जुना वण, बोटभर.
म्हटलं, तुमचं बाशिंग काही करत नाही.
"कशात वाटलंस?"
पाण्यात.
तो असा हसला की कोंबड्या पांगल्या.
"पाण्यात काय उतरतंय, बाई?
हुर्राक घे. पहिल्या धारेची."

मंगळवारी इनक्युबेटरचं दार उघडलं.
चकतीभोवती कडं.
फिकट, काठाला धुरकट, पण कडं.
(नुसत्या अल्कोहोलची चकतीही ठेवली होती,
तिच्याभोवती काही नाही.
शंका घेणं हाच आमचा पगार.)
पट्टी लावली. नऊ मिलिमीटर.
त्यातली सहा चकतीचीच,
म्हणजे दीड इकडे, दीड तिकडे.
दुकानातल्या औषधाचे बावीस.
इराण्णा डोकावला, "इष्टेना?"
मॅडमनी 'निष्क्रिय' खोडून 'अल्प' लिहिलं
आणि चष्मा पुसत बराच वेळ बघत राहिल्या.

रात्री फोन लावला.
"नऊ म्हंजे किती?"
करंगळीच्या नखाएवढं.
पलीकडे इतकी शांतता, वाटलं रेंज गेली.
मग म्हणाला,
"उरलेल्या अर्ध्याला पान फुटलंय.
बघायला ये.
मागायला येऊ नको."