दोरांना हात लावू नये

की वेस्टच्या धक्क्यावर सकाळी साडेआठला
ओडालिसनं आमच्या चपला काढून घेतल्या
आणि वेताच्या टोपलीत ठेवल्या,
देवळाबाहेर ठेवतात तशा, फक्त बिल्ला नाही.
मग कागद पुढे केला: चार दिवस, तीन बेटं,
जेवणखाण धरून, बक्षिसी सोडून.
कलम अकरा: पाहुण्यांनी दोरांना हात लावू नये.

रेवतीनं सही केली. पैसे तिचे.
"बाबा, जन्मभर बंदरात पावत्या फाडल्यात,
आता नुसतं बसा."

बसलो.
पांढरी गादी, गादीवर मी, पोटावर टोपी.
कुंदा नाळेपाशी पाय सोडून,
बासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा
गुडघ्यापर्यंत उन्हात.
जावई विचारतो, कसं वाटतंय?
मराठीत सांगायला बराच वेळ लागला असता.
म्हटलं, व्हेरी नाइस, क्रेग.

इथल्या पाण्याचं एका रंगावर भागत नाही.
आधी पन्ह्याचा, मग मोरचुदाचा,
मग तळ सुटतो तिथे दौतीतल्या शाईचा.
भरती हातभर चढते, हातभर उतरते.
जयगडच्या खाडीला हसू येईल.

बाप माझा तांडेल.
मंगळुरी कौलं भरून मचवा आणायचा.
पाण्याचं पिंप एकच, त्याला कुलूप,
किल्ली करगोट्याला.
माणशी दोन लोटे. तहान लागली तर गप्प बसा,
बोलल्यानं तोंड सुकतं, म्हणायचा.
इथे पायाखाली यंत्र घरघरतं,
समुद्र पितं, गोडं पाणी ओकतं.
क्रेग दिवसातून दोनदा आंघोळ करतो,
तिसऱ्यांदा पायांची वाळू धुतो.
मीही धुतो. खोटं कशाला बोलू,
बरं वाटतं पायांना.

तिसऱ्या दुपारी मार्केसासच्या आडोशाला नांगर टाकला.
कांदळवनाचं कडं, बगळे,
आणि वाळूवर कलंडलेलं काहीतरी.
छोट्या बोटीतून गेलो. ओडालिस गप्प झाली.

होडी होती. म्हणायचं म्हणून होडी.
छपराचे पत्रे, सांध्यांत डांबर,
पोटात कुठल्याशा ट्रॅक्टरचं इंजिन,
सुकाणूला दाराची फळी,
कडी अजून लटकलेली.
पिंप होतं. निळं. झाकण नव्हतं.
क्रेगनं फोटो काढला,
मग का कोण जाणे, पुसला.
"माणसं?" कुंदानं विचारलं, मराठीतच.
ओडालिसला कळलं.
तिनं बोटानं दक्षिण दाखवली, मग उत्तर,
मग हात खिशात घातला.

मी वाकलो.
नाळेला दोर होता, चादरी पिळून केलेला.
गाठ पाहिली.
ही गाठ मला येते.
बापानं डोळे बांधून शिकवली होती,
उलटी पडली की पाठीत रपाटा.
ही उलटी पडली नव्हती.

रात्री जेवणात शेवंड, लोण्यात परतलेली.
मी खाल्ली. कुंदानं अर्धी ठेवली.

पहाटे वारं फिरलं.
बोट नांगरावर वळते तेव्हा
पाठीखालची गादी आधी सांगते.
वर आलो. ओडालिस अनवाणी बसलेली, हातात कॉफी.
कांदळाच्या चिखलाचा वास येत होता.
मतलई, मी म्हटलं, जमिनीकडे हात करून.
तेर्राल, ती म्हणाली.
आम्ही दोघांनी एकमेकांचा शब्द
एकदा म्हणून बघितला. तिला ळ... नाही, ल नीट जमला,
मला तिचा र जमेना.

मग ती उठली,
आणि शिडाच्या दोराचं टोक
माझ्याकडे फेकलं.
कलम अकरा टोपलीपाशी कुठेतरी पडलं असेल.

दुसऱ्याच ओढीला तळवा सोलला.
शीड अर्ध्यावर फडफडत होतं,
आणि खाली यंत्र सुरू झालं,
कुणीतरी आंघोळीला गेलं होतं.