निळा, क्रमांक सात

मशीन तापायला पाच-सहा मिनिटं लागतात.
तेवढ्यात मी शटर अर्धं वर करतो,
कालच्या विनाइलच्या कातरणांवरून झाडू फिरवतो,
नोझल-चेकच्या पट्ट्या चष्मा काढून बघतो.
लाइट मजेंटात दोन रेघा गायब. चालेल.

कुंकळ्ळीच्या बाजारात, आमच्या शांतादुर्गा डिजिटलमध्ये,
बेतूलहून पहिल्या बसने आली पिएदाद.
रुमालाची गाठ सोडून काउंटरवर ठेवली
नखाएवढी रंगाची खपली.
"हो निळो जाय," म्हणाली.
जुनी होडी मोडीत निघाली.
लेकाने घेतलीय फायबरची, पांढरीफटक,
तिच्यावर नाव हवं: दोन भयणी.
अक्षरं कशीही चालतील. निळा तोच.

"तोच" हा शब्द आमच्या धंद्यात वाईट.
स्क्रीनवर एक असतो, विनाइलवर दुसरा,
ट्यूबलाइटखाली तिसराच, जांभळटलेला.
तिचा कायतान डब्यात काठीने रंग कालवायचा,
कशात काय किती, कुणाला सांगून गेला नाही.
मी आकडे टाकत बसलो.
सायन शंभर, मजेंटा साठ.
मजेंटा पन्नास. काळा तीन.
चौकोनामागून चौकोन सरकत आले
गरम, कोरडे, भाजल्या पापडासारखे
कडेला किंचित वळलेले.

"ही शाय उदकाची?"
पाण्याचीच, म्हटलं. हीटर पाणी उडवतो,
रंग तेवढा खाली राहतो.
"मिठागरांत तशेंच," ती म्हणाली
आणि पुढचा चौकोन घेऊन बाहेर गेली.

प्रत्येक वेळी भर रस्त्यात उन्हात उभी,
बसवाला हॉर्न मारतोय,
ही चौकोनावर खपली ठेवून डोळे बारीक करतेय.
परत येऊन: "ना."
साडेअकराला वीज गेली.
मशीन पुन्हा पहिल्यापासून तापवलं.
मागे रिबेलोच्या पोराचा वाढदिवस खोळंबलेला,
आठ बाय चारचा, फुग्यांसकट,
त्याचे फोनवर फोन.

सातव्याला ती उंबऱ्यावरच थांबली.
खपली ठेवली
आणि मग बोटाने चाचपू लागली,
कुठे ठेवली ते.

अक्षरं कापली, लॅमिनेशन चढवलं.
पैसे तिने नोटा सरळ करकरून दिले,
खपली पुन्हा रुमालात बांधली.

फाइल अजून आहे: पिएदाद-निळा-७.
तेव्हापासून कुणी नुसतंच "निळा टाक" म्हटलं
की मी हाच टाकतो.
पाण्याच्या टँकरवरचा नंबर,
बाळ्ळीच्या शाळेची कमान,
भाड्याने खोली, फक्त कुटुंबास,
दातांच्या डॉक्टरची पाटी.
परवा मडगावला जाताना बसमधून मोजले. अकरा.
डॉक्टरचा जरा उतरलाय.
लॅमिनेशन नको म्हणाला होता.